मुका रविवार

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. लहानांनी जरा पुढे सरकून बसावं. मोठ्यांनीही ऐकावं. खरं तर गोष्ट मोठ्यांचीच आहे, पण तसं आधी सांगितलं की ते उठून जातात.

एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या टोकाला मूठभर ख्रिस्ती घरं होती आणि त्यांचं एक बुटकं, कौलारू देऊळ होतं. देवळाच्या दाराशी खांबाला घंटा टांगलेली होती. दर रविवारी तांबडं फुटायच्या आधी ती सुरू व्हायची आणि उपासनेचं पहिलं गीत उचलेपर्यंत थांबायची नाही. संथ, एकेक ठोका. आजोबा-पणजोबांपासूनची रीत होती ती.

नदीच्या पलीकडे टोपल्या विणणाऱ्यांची वाडी होती. थंडीच्या दिवसांत नदीवर असं धुकं उतरायचं की पुढे केलेला हात दिसू नये. पायी ओलांडायला एकच उतार होता, तो देवळाच्या अगदी समोर. उताराला लागून खालच्या अंगाला डोह होता. एरवी धुकं पडलं की वाडीची माणसं ऊन वर येईपर्यंत काठावर बसून राहायची. पण रविवारी ती घंटेच्या रोखाने खुशाल पाण्यात उतरायची. घंटा नाकासमोर राहिली की पायाखाली वाळू, बाजूला सरकली की डोह. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि ज्यांची घंटा होती त्या ख्रिस्ती मंडळीच्या गावीही नव्हतं!

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते सत्वशीलबाबा. माणूस लोण्याहून मऊ. कुणाचं मन मोडणं त्यांना जमायचंच नाही. दोघं भांडायला लागले की हे मध्ये जाऊन उभे राहत आणि एकाला म्हणत, "तुमचं बरोबर," दुसऱ्याला म्हणत, "तुमचंही चूक नाही." लोक त्यांना शांतीचा माणूस म्हणत. तेही स्वतःला तसंच समजत.

आणि मध्ये उभं राहायचे प्रसंग काही कमी नव्हते. मंडळीत दोन वडील, म्हणजे कारभार पाहणारे जाणते, होते, इलिशाभाऊ आणि नथनेलतात्या. दोघांचं प्रभूवर प्रेम होतं, यात शंका नको. पण प्रभूची सुवार्ता बाहेरच्यांना सांगायची की नाही, यावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

इलिशाभाऊ म्हणायचे, "माझी आई बाजारात भाजी विकत बसली होती. एका वाटसरूने तिला प्रभूचं नाव सांगितलं, म्हणून मी आज इथे आहे. तो गप्प राहिला असता तर? आपण चौकात उभं राहून सांगितलं पाहिजे. ढोल वाजवून सांगितलं पाहिजे!"

नथनेलतात्या म्हणायचे, "आणि माझ्या बापाच्या वेळी असाच ढोल वाजवला, तेव्हा गावाने आपलं पाणी तोडलं होतं, नदीवरही उतरू देत नव्हते. माझा धाकटा भाऊ त्या उन्हाळ्यात गेला. आपण आपलं नीट वागावं, दार लावून प्रार्थना करावी. ज्याला यायचं तो आपल्याला बघून येईल."

आता सांगा, यात खोटं कोण बोलत होतं? कुणीच नाही. म्हणून तर पाळकबाबांच्या नाकी नऊ यायचे.

अशात पलीकडच्या वाडीतली गिरजा नावाची एक विधवा देवळाच्या पायरीशी येऊन बसू लागली. टोपल्या विकायला यायची आणि गीतं ऐकत थांबायची. एक दिवस तिने पाळकबाबांना धीर करून विचारलं, "बाबा, तुमचा देव म्हणे हरवलेल्या मेंढराला हुडकत जातो. खरं का?"

"खरं आहे, बाई."

"मला हुडकायला कुणी आलं नाही. म्हणून मीच आले. मला आत बसू द्याल?"

पाळकबाबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे असं कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "येत्या रविवारी ये. पुढे बस, माझ्या घरच्यांशेजारी."

"पहाटेच येते, वाडी उठायच्या आत. पोरीलाही आणते. धुकं असलं तरी अडत नाही, आम्ही तुमच्या घंटेमागनंच येतो." मग तिने त्यांना उताराचं आणि डोहाचं सगळं सांगितलं.

"ये तर मग," पाळकबाबा म्हणाले. "घंटा ऐकत सरळ चालत ये."

हे शब्द त्यांचे. नीट लक्षात ठेवा.

शनिवारी दुपारी देवळात मंडळी बसली आणि भांडणाला तोंड फुटलं. गावातल्या कुणीतरी कुरकुर केली होती की तुमची घंटा म्हणजे आमच्या लोकांना बोलावणंच आहे. नथनेलतात्यांनी हट्ट धरला, "घंटा बंद करा." इलिशाभाऊ उसळले, "बंद? आता तर ती चौकात नेऊन टांगायची!" आवाज चढले. बायका उठून उभ्या राहिल्या. "असंच असेल तर आम्ही वेगळी मंडळी काढतो," असंही कुणीतरी बोललं. मंडळी फुटणार! पाळकबाबा दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

आणि मग त्यांना तोडगा सुचला. "भावांनो, एक रविवार घंटा वाजवू, दार उघडं ठेवू. एक रविवार घंटा मुकी, दार बंद. दोघांचंही राहील."

वा रे तोडगा! जसं घंटेला अर्धं पोट जेवायला घालायचं होतं! पण दोघं वडील दमले होते, कबूल झाले. नथनेलतात्या म्हणाले, "सुरुवात उद्या, मुक्या रविवाराने." इलिशाभाऊंना पुढच्या रविवारी ढोल काढायचे होते, म्हणून तेही हो म्हणाले. पाळकबाबांनी आशीर्वाद दिला. मंडळी वाचली म्हणून मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

घरी आल्यावर त्यांची बायको रूथबाई म्हणाली, "त्या बाईला निरोप दिलात ना? ती घंटेवर येणार आहे."

पाळकबाबा तसेच उठून नदीवर गेले. दिवस मावळायला आला होता. त्यांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं. तेवढ्यात शेजारी बैलांना पाणी पाजणारे नथनेलतात्या म्हणाले, "काय बाबा, पलीकडे निघालात? बोलवायला?"

एवढंच. रागावून नाही, सहज विचारलं. पण पाळकबाबा पाण्याच्या कडेलाच थांबले. आत्ताच तर सगळं मिटलं होतं.

"छे, छे," ते हसून म्हणाले. "पाय धुवायला आलो." आणि त्यांनी खरोखर पाय धुतले, चपला घातल्या आणि घरी परतले.

"सांगितलंत?" रूथबाईने विचारलं.

"घंटा ऐकू आली नाही की ती कशाला निघेल? काठावरच थांबेल. ऊन पडल्यावर येईल."

पहाटे पाळकबाबा देवळाशी गेले तेव्हा खांबसुद्धा दिसत नव्हता, इतकं धुकं होतं. त्यांनी चाचपडत दोर शोधला. दोर हातात होता. पलीकडे पाण्यात काहीतरी वाजलं की भास झाला, कुणास ठाऊक. एक ठोका द्यावा का? एकच? पण एक ठोका दिला तरी नथनेलतात्या उठून जातील, मागे त्यांची माणसं जातील, कालचा सगळा खटाटोप पाण्यात जाईल. मंडळी जमू लागली होती. पाळकबाबांनी दोर सोडला, आत गेले आणि ठरल्याप्रमाणे दार लावून घेतलं.

गीत सुरू झालं. दार बंद असल्यामुळे आवाज छान घुमत होता. दुसरं कडवं संपताना, श्वास घ्यायला सगळे थांबले तेवढ्यात, पाळकबाबांच्या कानावर काहीतरी आलं. बाईचा आवाज होता. पाणकोंबडीचाही असू शकतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. रूथबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुस्तकात घातले आणि तिसरं कडवं उचललं, नेहमीपेक्षा मोठ्याने.

अरे, काय म्हणावं या माणसाला! दार चार पावलांवर होतं.

ऊन वर आल्यावर धुकं फाटलं. डोहाच्या कडेच्या लव्हाळ्यात एक नवीकोरी टोपली अडकली होती, आणि टोपलीत काकडलेली एक लहान मुलगी बसली होती. गिरजाने देवळाला द्यायला विणलेली ती टोपली. तिच्यात पोरीला बसवून, डोक्यावर घेऊन ती निघाली होती. गिरजा खाली डोहात सापडली.

पाळकबाबांनी मुलीला उचलून छातीशी धरलं. तिचं नाव चिमी.

"घंटा नव्हती, तरी आई पाण्यात का उतरली गं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

चिमी म्हणाली, "आई म्हणाली, आज उशीर झाला असेल. आपण निघू, होईलच आता. बाबांनी सांगितलंय." मग म्हणाली, "झालीच नाही."

काठावर मंडळी जमली. आणि तिथेही, त्या ओल्या प्रेताशेजारी, वडील भांडायला लागले. इलिशाभाऊ म्हणाले, "ही आपली. वाजतगाजत पुरू, साऱ्या गावाला कळू दे." नथनेलतात्या म्हणाले, "बाप्तिस्मा झाला नव्हता. गुपचूप वाडीच्या हवाली करा." दोघांनी पाळकबाबांकडे पाहिलं. पाळकबाबांनी चिमीला आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात वाडीची माणसं उतारातून आली. पुढे गिरजाची म्हातारी सासू होती. तिने आधी चिमीला पाळकबाबांच्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "तुमची घंटा कुणासाठी वाजते, असं आम्ही तुम्हाला कधी विचारलं नाही. बंद करायची होती, तर कायमची करायची होती. आम्ही उन्हाची वाट बघितली असती. आज आहे, उद्या नाही, हे कुठलं बोलावणं?"

गिरजाला घेऊन ती माणसं गेली. टोपली तेवढी काठावर राहिली.

ज्या फुटीला पाळकबाबा भ्याले होते, ती महिन्याभरात झालीच. इलिशाभाऊंनी आपली माणसं घेऊन चौकात मांडव घातला. नथनेलतात्यांनी आपल्या घरात, दार लावून, उपासना सुरू केली. देवळात पाळकबाबा आणि रूथबाई उरले. पाळकबाबा आता रोज पहाटे घंटा वाजवतात. धुकं असो नसो, ऊन डोक्यावर येईपर्यंत दोर सोडत नाहीत. हाताला घट्टे पडले. रूथबाई बाजूला उभी राहून पाण्याकडे बघते.

पलीकडून कुणी येत नाही. वाडीने घंटेवर चालणं सोडलं. धुकं असलं की माणसं काठावर बसून राहतात, रविवार असला तरी. त्यांच्यात चिमीही असते. पहिला ठोका पडला की ती दोन्ही हातांनी कान झाकून घेते, आणि घंटा थांबेपर्यंत हात काढत नाही.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं मनात धरा: कुणाला हाक मारली असेल तर तो पोचेपर्यंत ती थांबवू नये, कारण अर्ध्यात सोडलेली हाक माणसाला डोहात नेते.