बोलणारं लाकूड

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. पिंपळशेंडे साहेब दर्ग्याच्या पायरीखाली बूट घालूनच उभे होते आणि विचारत होते,

“मग बाबा, दोनच्या पाळीला लोक खाणीत उतरतील ना? तुमच्या एका शब्दाचं काम आहे.”

मस्तानबाबा दर्ग्याचे मुजावर, सगळं गाव त्यांचं ऐकतं. ते अंगण झाडत होते.

मी भिंतीशी माझ्या तान्ह्या तनूला मांडीवर घेऊन बसले होते. तिचा ताप उतरत नव्हता. दवाखान्यातून औषध आणलं होतं, पण मन राहत नाही, म्हणून बाबांची फुंकर घ्यायला आले होते. रात्रभर रडली होती पोर. अजून रडतच होती.

साहेब आमच्या कोळशाच्या खाणीचे मॅनेजर. याच गावचे. लहानपणी बाबांच्या पायाशी बसायचे, म्हणून बाबा त्यांना आजही नावानंच हाक मारतात.

“लोक काहून उतरत नाहीत, सुबोध?”

“काही नाही हो. खाली छताला लाकडाचे टेकू असतात ना, ते कडकड वाजत होते. छत खाली येण्याआधी लाकूड बोलतं, पळायला वेळ देतं म्हणे. जुन्या लोकांच्या समजुती! परवापासून सगळे वर बसून आहेत.”

आमचे हेसुद्धा त्यांच्यातलेच. पण काल रात्री म्हणाले, बाबा म्हणतील तर उतरतो. किती दिवस बसून राहू?

“मग तू काय केलं?”

“काढून टाकलं लाकूड. लोखंडी खांब लावले, ते वाजत नाहीत. खाण एकदम गप्प आहे आता.”

“अन् छत?”

“छत... छत तेच राहणार ना बाबा.” साहेब हसले. एकटेच.

“तो उरकुडे रोज तुझ्याकडे यायचा. छत तपासायचा तो.”

“त्याची बदली केली. लोकांना घाबरवत होता.”

झाडू थांबला. पुन्हा सुरू झाला.

साहेब पायरीवर बसले. जवळून पाहिलं तर त्यांचेही डोळे लाल होते.

“उद्या खाणीत पैसा घालणारे येताहेत, बाबा. मुंबईहून. वरून फोनवर फोन. पाळी बंद दिसली तर माझं काही खरं नाही. त्यांना काय सांगू? लाकूड बोलतं म्हणून?”

“सांगून पाहिलं?”

“एकदा पाहिलं...” साहेबांनी कपाळ चोळलं. “म्हणाले, असल्या गोष्टी आम्हाला सांगत जाऊ नका.”

तनूनं मोठ्यानं सूर लावला.

“बाई, गप्प करा हो तिला जरा. डोकं उठलंय.”

“काय करू जी? तापात आहे.”

साहेबांनी गाडीची किल्ली काढली अन् तिच्यापुढे खुळखुळ वाजवली. तनूनं किल्लीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि आणखी जोरात रडली.

“तुझी साहेबी तिला चालत नाही बापा,” बाबा म्हणाले.

मी थोपटत राहिले. माझाच हात चालेना इतकी दमले होते.

आणि तनू एकाएकी गप्प झाली. मान माझ्या दंडावर पडली.

मी तिच्या नाकाशी बोट धरलं. काही कळेना. छातीला कान लावला. माझ्याच काळजाची धडधड ऐकू येत होती.

“तनू... ए तनू! बाय माझी!”

तळपायाला टिचकी मारली. एक. आणखी एक...

तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा भोकाड पसरलं.

“रड गं,” मी म्हणाले. “रड माझे माय, रड.”

वर पाहिलं तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते साहेबांकडे बघत होते. साहेब उभे होते. हातातली किल्ली खाली पडली होती.

“गप्पच तर झाली होती ते,” बाबा म्हणाले. “तुला तेच पाहिजे होतं ना?”

साहेबांची नजर तनूवरच होती.

“मग उठला काहून?”

तनू रडतच होती. कोणी तिला गप्प कर म्हटलं नाही.

साहेबांनी किल्ली उचलली. पुसली.

“ते वेगळं, बाबा,” ते हळूच म्हणाले. “दोनला भोंगा होईल. लोकांना एवढंच सांगा, की खाण आता गप्प आहे. सांगाल ना?”

“सांगतो ना.”

मी तनूला उचलून छातीशी धरलं.

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला. तनूच्या कपाळावर फुंकर घातली.

“माय, आता ऊठ. पहिले नवऱ्याला सांग. मग शेजारी सांग. ज्याच्या घरचं माणूस दोनच्या पाळीत हाय, त्या प्रत्येक दारात जा. म्हण, साहेबानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं... लाकूड काढलं, खाण गप्प झाली.”