दोरवाल्याने न मारलेली हाक

एका बाजारगावात एक दोरवाला राहत होता. कासरा, सुतळी, सुंभ, विहिरीवरचा जाड दोर, सगळं तो घरीच वळायचा आणि पेठेत फळी मांडून विकायचा. माल असा पक्का, की एकदा दोर नेलेलं गिऱ्हाईक चार-पाच वर्षं पुन्हा फिरकत नसे. त्यामुळे धंदा आपला बेताचाच होता.

त्या गावात भाव केल्याशिवाय कुणी मीठसुद्धा घेत नसे. दुकानदारानं चढा भाव सांगायचा, गिऱ्हाइकानं तो निम्म्यावर आणायचा, मालाला नावं ठेवायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला दुकानदारानं हाक मारायची, "अहो, या माघारी! तुमचं नको, माझं नको, मधलं काय ते द्या." मग गिऱ्हाईक नाइलाज झाल्यासारखं तोंड करून परत यायचं आणि सौदा व्हायचा. सगळं लटकं भांडण. दोन्हीकडच्यांना ते ठाऊक असायचं.

हाक मारण्यात दोरवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आलेल्याला तो आधी पाणी द्यायचा, "दोर कशाला हवाय?" म्हणून विचारायचा, आणि म्हशीला बांधायचा दोर विहिरीसाठी कधी द्यायचा नाही.

शेजारच्या भांडीवाल्याला हे बघवत नसे. एका बाजाराच्या दिवशी तो चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "अरे दोरवाल्या, तुझ्या दुकानात भाव तू ठरवत नाहीस, गिऱ्हाइकाची पाठ ठरवते. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, बाबा!"

लोक खो खो हसले. दोरवाल्याच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं मनाशी ठरवलं, आज काही झालं तरी कुणाला हाक मारायची नाही.

नेमका त्याच वेळी विहिरींतला गाळ काढणारा एक माणूस दुकानावर आला. शेजारच्या वाडीत राहणारे ते दोघे भाऊ. थोरला काठावर दोर धरायचा आणि धाकटा कमरेला दोर बांधून खाली उतरायचा. आईबाप लवकर गेले, धाकट्याला थोरल्यानंच लहानाचा मोठा केला होता. आलेला हा थोरला. भाव करण्यात पंचक्रोशीत पटाईत. त्याचा एक नियम होता: दुकानदाराला आपली नड कळू द्यायची नाही. नड दिसली की भाव चढतो.

"हा दोर म्हणायचा की शेवया?" त्यानं जाड दोराचा पीळ उलगडत विचारलं.

"घ्यायचा तर घ्या. भाव सांगितला तोच."

"निम्म्यात द्या."

"आज कमी-जास्त नाही."

थोरल्यानं दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. दोरवाल्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. याला आज दोर हवाच आहे, हे त्यानं ओळखलं. एरवी त्यानं "कुठली विहीर?" म्हणून विचारलं असतं. आज त्याला वाटलं, बरा सापडला. नडलाय ना, मग येईल आपल्या पायांनी.

थोरल्यानं दोर ठेवला आणि पाठ फिरवली. एक पाऊल, दोन पावलं, तीन. हाक आली नाही. चौथं पाऊल त्यानं फार सावकाश टाकलं. कोपऱ्यावर वहाणेतला खडा काढायला म्हणून तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

भांडीवाला गालात हसत बघत होता. दोरवाल्याच्या अगदी ओठांवर हाक आली होती, ती त्यानं गिळली. आणि थोरला तरी काय कमी! सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी ही दोन माणसं. शेवटी थोरला उठला आणि वाडीच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळी दोरवाल्यानं आपला पराक्रम बायकोला सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "पण दोर कशाला हवा होता त्यांना?"

"कुणास ठाऊक. येईल पुढच्या बाजाराला मुकाट्यानं."

तो पुढच्या बाजारापर्यंत थांबला नाही. तिसऱ्याच दिवशी, दुपारी, पेठ सुनी असताना थोरला आला. दोरवाल्याला आनंदाचं भरतंच आलं. त्याचा राग तर केव्हाच निवला होता. आता निम्म्यातसुद्धा द्यायची त्याची तयारी होती.

"या, या! तुमचा दोर बाजूला काढून ठेवलाय."

"दोर नको," थोरला म्हणाला. "सुंभ द्या."

दोरवाल्यानं सुंभाची गुंडी काढली आणि सवयीनं दुप्पट भाव सांगितला. घासाघीस करायला जागा नको का! थोरल्यानं सांगितले तेवढे पैसे फळीवर ठेवले.

दोरवाला चरकला. त्या गावात एकाच सामानाचा भाव कुणी करत नसे. तिरडीच्या.

"कोण?" त्यानं कसंबसं विचारलं.

"धाकटा. आज सकाळी माळावरच्या विहिरीत उतरला. मालकाला घाई होती, म्हणून जुनाच दोर बांधला. मध्यावर तुटला. खाली सगळा खडक."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? तसाच दिला असता की हो!"

"नड सांगितली तर भाव चढेल, असं वाटलं मला." थोरल्याच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. "त्या कोपऱ्यावर मी थांबलो होतो. तुम्ही हाक मारलीत की येणारच होतो."

दोरवाल्यानं जास्तीचे पैसे परत करायला हात पुढे केला. थोरल्यानं मान हलवली आणि गुंडी काखेला मारून तो चालू लागला.

दुकान तसंच उघडं टाकून दोरवाला त्याच्या मागोमाग वाडीत गेला. तिरडी त्यानंच बांधली. त्याच्यासारखी गाठ मारणारा तिथं दुसरा कुणी नव्हता. वाडीतली माणसं म्हणाली, "भला माणूस, वेळेला धावून आला." ते ऐकून, धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. खरं काय ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि ते दोघे त्यानंतर जन्मात एकमेकांशी बोलले नाहीत.

या गोष्टीवरून घ्यायचं तात्पर्य: भाव खुशाल करावा, पण विकणाऱ्यानं आधी समोरच्याची गरज विचारावी आणि घेणाऱ्यानं ती सांगायला लाजू नये. दोन पैशांची जीत कधी माणसाच्या जिवावर बेतते.