एका दिवसाची वाटणी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला गावापेक्षा मोठं गायरान होतं. गायरान म्हणजे सगळ्या गावच्या गुरांनी चरायची मोकळी जमीन. ती पाटलाची नव्हती, राजाची नव्हती, की कुणा एकाच्या बापाची नव्हती. खालच्या अंगाला मऊ गवत, मधे खडकाळ माळ, त्याच्या वर करंजाच्या झाडांची सावली आणि अगदी माथ्यावर, डोंगराला टेकून, भर उन्हाळ्यातही न आटणारं तळं. सकाळी घरोघरची गुरं वेशीपाशी जमायची, गळ्यात घंटा बांधलेली एक गाय पुढं व्हायची आणि तिच्या मागून सगळा कळप चरत चरत वर जायचा. ऊन डोक्यावर आलं की सगळी मिळून तळ्यावर पाणी प्यायची. हे इतकी वर्षं चाललं होतं, की त्याचं कुणाला काही विशेष वाटेनासं झालं होतं.

या गावात एक रीत होती. नवा पाटील पागोटं बांधण्याआधी गायरानाच्या तोंडाशी असलेल्या दगडावर हात ठेवायचा आणि गावासमोर म्हणायचा, "अख्खं मिळालं, अख्खंच देईन." बस्स, एवढंच. ना लांबलचक भाषण, ना हारतुरे. मग सगळे घरी जाऊन जेवायचे.

ही गोष्ट घडली तेव्हा पाटीलकी एका बाईकडे होती. पाटील वारले तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून गावानंच तिला पुढं केलं होतं. तिनंही त्या दगडावर हात ठेवला होता आणि तेच शब्द म्हटले होते. पाटलीण मोठी खमकी बाई. भांडण घेऊन कुणी आलं, की आधी त्याच्या हातात ताकाचा पेला द्यायची आणि मग काय झालं ते विचारायची. निम्मी भांडणं ताक पिऊन होईपर्यंतच मिटायची. गावाचा तिच्यावर जीव होता, आणि तिचाही गावावर.

आता सगळं इतकं छान चाललं असताना कुणाच्या तरी पोटात दुखणारच. गावात एक बडा शेतकरी होता. त्याच्या गोठ्यात गुरं मावत नव्हती आणि गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो रोज संध्याकाळी पारावर बसून सांगू लागला, की एवढं मोठं गायरान नुसतं पडून आहे. त्याचे सारखे पट्टे पाडावेत, घराला एक. जेवढा पट्टा श्रीमंताला तेवढाच गरिबाला. यात कुणाचं वाईट आहे, सांगा बरं?

ऐकायला हे इतकं सरळ होतं की कुणाला खोट काढता येईना. कुंभाराला आपल्या पट्ट्यावर नवी भट्टी दिसू लागली. गावाच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीला भाजीचे वाफे दिसू लागले. पाटलिणीच्या मुलाला तर आता मिशा फुटल्या होत्या, त्यानं मनातल्या मनात घरसुद्धा बांधून टाकलं. अरुंद पट्टा कुणालाच पुरणार नाही, आज ना उद्या लोक कंटाळतील आणि एकेक पट्टा आपल्याच पदरात पडेल, हे त्या बड्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक होतं. ते मात्र त्यानं पोटात ठेवलं.

मग सगळं गाव पाटलिणीच्या अंगणात आलं. तिनं सगळ्यांना ताक दिलं, म्हणणं ऐकून घेतलं आणि शांतपणे नाही म्हणाली. जी वस्तू आपल्या एकट्यांची नाही, पुढच्यांचीही आहे, ती आपण वाटायची कशी, असं तिचं साधं म्हणणं होतं. लोकांना ते अजिबात रुचलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच पेले अर्धवट ठेवून माणसं उठून गेली.

त्यानंतर गावाचं वागणंच बदललं. ती विहिरीवर गेली की बायका गप्प व्हायच्या. लोक समोरून येता येता वाट बदलायचे. शेवटी निरोप आला, की पोळ्याच्या आत गायरान वाटा, नाहीतर पाटीलकी खाली ठेवा. एवढ्यावर भागलं नाही. रात्री जेवता जेवता तिचा मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यांना हवं ते एकदा देऊन टाक ना. तू एकटीच कशाला वाईट होतेस?"

हे मात्र तिच्या फार जिव्हारी लागलं. गाव परकं झालं ते तिनं सोसलं होतं, पण पोटच्या पोरानंही तेच म्हणावं याचं तिला रडू आलं. पदरानं डोळे पुसून ती विचार करू लागली. पाटीलकी गेली तर जाऊ दे, ती काही बरोबर घेऊन कुणी जन्माला येत नाही. पण गायरानाचे एकदा तुकडे झाले की ते पुन्हा कुणाला सांधता येणार नाहीत. आणि नुसतं नाही, नाही म्हणत बसलं तर आपल्या जागी दुसरा कुणीतरी येऊन हो म्हणेल. लोकांना हे तोंडानं सांगून पटणार नव्हतं. ते त्यांना दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गाव बोलावलं आणि म्हणाली, "नवी चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो. वाटणीही एक दिवस घालून बघू. सगळ्यांना सोसली, तर पागोटं आणि गायरान दोन्ही तुमच्या हवाली."

लोक खूश झाले. बडा शेतकरी तर सगळ्यात जास्त खूश झाला. त्याला वाटलं, बाई नमली.

लगेच माणसं चुन्याच्या फक्कीची टोपली घेऊन गायरानावर गेली आणि वेशीपासून तळ्यापर्यंत, एकावर एक, आडवे पट्टे आखले. गुरांसाठी वाट सोडायला हवी असं कुणीतरी म्हणालं. ती कुणाच्या पट्ट्यातून काढायची, यावरही ताबडतोब एकमत झालं. सगळे म्हणाले, शेजाऱ्याच्या. मग वाटेचा विषय तिथंच राहिला. वाटणी न्यायानं व्हावी म्हणून प्रत्येक घरानं आपली एकेक खूण मडक्यात टाकली. कुणी कवडी टाकली, कुणी चिंचोका, कुणी शिंपला. पाटलिणीनं सुपारी टाकली. एका चिमुरडीनं डोळे मिटून एकेक खूण बाहेर काढली आणि खालपासून वरपर्यंत पट्टे ठरत गेले.

सगळ्यात शेवटी मडक्यात सुपारी उरली. म्हणजे माथ्यावरचा तळ्याचा पट्टा पाटलिणीच्या घराला आला. तिच्या लगेच खालचा पट्टा बड्या शेतकऱ्याला आला. मुलाचे डोळे असे काही चमकले, की पाटलिणीनं पटकन दुसरीकडे पाहिलं. ती एवढंच म्हणाली, की तळं माझ्याकडे आलं असलं तरी पाण्याला ज्याला यायचं त्यानं यावं, माझी कुणाला आडकाठी नाही.

वाटणीचा दिवस उजाडला. सगळे आपापली गुरं घेऊन आपापल्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले. डफ वाजला आणि वाटणी सुरू झाली. आता ज्याची रेघ त्याची हद्द.

पहिले काही क्षण फार ऐटीत गेले. जो तो कमरेवर हात ठेवून आपल्या मालकीच्या गवताकडे बघत होता. पण गुरांना रेघा कुठल्या समजायला? एकाची म्हैस पलीकडे तोंड घालायची, की पलीकडचा काठी घेऊन धावायचा. पोरांचा विटीदांडूचा डाव नेमका दोन पट्ट्यांवर मांडलेला. विटी उडून पलीकडे पडली, तर तिथल्या मालकानं ती उचलून सरळ खिशात घातली. माझ्या पट्ट्यात पडली ती माझी, म्हणे. कुंभाराच्या पट्ट्यात भट्टीला जागा होती, पण माती निघायची ती खालच्या पट्ट्यात. म्हातारीच्या वाट्याला खडकाळ माळ आला होता, तिथं वाफे सोडा, पहार मारली तरी ठिणग्या उडायच्या. तिची एकुलती एक गाय दगड हुंगत बिचारी गप्प उभी होती. बड्या शेतकऱ्याच्या गोठाभर गुरांनी तर तेवढासा पट्टा बघता बघता साफ केला आणि ती एकमेकांना ढुशा देऊ लागली.

ऊन डोक्यावर आलं. रोजच्या सवयीनं सगळ्या गुरांनी माना वर करून तळ्याकडे पाहिलं आणि दावी ताणली. आता खरी गंमत झाली. पाणी सगळ्यांना मोकळं होतं, पण पाण्यापर्यंत जायचं कसं? खालच्यानं वरच्याकडे वाट मागितली. वरचा म्हणाला, माझं गवत तुडवलं जाईल. त्यानं त्याच्या वरच्याकडे मागितली, तर त्याला तेच उत्तर मिळालं. काल ज्यांच्या घरी एकमेकांची पोरं जेवायची ते लोक आज रेघेवर उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. गुरं हंबरत होती. हा खेळ आपणच मांडला, असं पाटलिणीला वाटून गेलं. पण ती जागची हलली नाही.

एवढ्यात बडा शेतकरी आपली रेघ ओलांडून हळूच तिच्याजवळ आला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "वहिनी, पाणी तुमचं आहे आणि वाट माझी. आपण दोघं एक झालो, तर उद्यापासून हे सगळं गाव आपल्या दारात उभं राहील. पोराचं भलं होईल तुमच्या."

मुलगा तिथंच गाईचं दावं धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. खोटं कशाला बोला, क्षणभर पाटलिणीच्याही मनात आलं, की गावानं आपल्याशी इतकं वाईट वागावं आणि आपणच का म्हणून त्याचं भलं बघावं? एकच क्षण. मग तिला तो दगड आठवला आणि त्यावर ठेवलेला स्वतःचा हात आठवला.

"भावजी," ती म्हणाली, "हेच जरा मोठ्यानं सांगा. गावाला ऐकू जाऊ दे."

बडा शेतकरी इकडे तिकडे बघू लागला. मग पाटलिणीनंच उंच दगडावर उभं राहून त्याचं बोलणं जसंच्या तसं गावाला सांगितलं. खालपर्यंत सगळे चिडीचूप झाले. आज वाटणीचा पहिलाच दिवस, अजून सूर्य कलला नव्हता आणि दोघांच्या हातात सगळं गाव आलंसुद्धा होतं. त्या दोघांतली एक पाटलीण होती म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही.

त्या शांततेत घंटा वाजली. पाटलिणीची ढवळी, रोज कळपाच्या पुढं चालणारी तीच गाय, तळ्याच्या अगदी काठावर उभी होती. पाणी तिच्या खुरांना लागत होतं, सकाळपासून ती तहानलेली होती, पण तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ती मान वळवून खाली, अडकून पडलेल्या कळपाकडे बघत होती आणि एकसारखी हंबरत होती. सगळ्यांच्या बरोबर पाणी प्यायचं, एवढंच तिला आयुष्यभर माहीत होतं.

मुलानं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली. त्यानं आपण होऊन ढवळीच्या गळ्यातलं दावं सोडलं.

ढवळी निघाली. घंटा वाजवत, एकेक रेघ ओलांडत ती थेट खाली वेशीपर्यंत गेली, तिथं वळली आणि रोजच्यासारखी वर चढू लागली. सगळ्यात आधी खालच्या पट्ट्यातल्या एकानं हातातलं दावं सोडलं. मग त्याच्या वरच्यानं सोडलं. माळावरच्या म्हातारीनं आपल्या गाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा बाई, तू तरी शहाणी हो." बघता बघता सगळी गुरं ढवळीच्या मागं लागली. बडा शेतकरी दोन्ही हात पसरून आपल्या पट्ट्याच्या कडेला उभा राहिला, पण त्याची स्वतःचीच गुरं त्याला वळसा घालून कळपात शिरली. तेव्हा त्यानंही हात खाली घेतले. कळप तळ्यावर पोचला तेव्हा गायरानावर फक्कीची एकही रेघ धड उरली नव्हती. विटी पोरांना परत मिळाली.

संध्याकाळी गाव पाटलिणीच्या अंगणात आलं. कुणाला तिच्याकडे बघवत नव्हतं. आमचं चुकलं, असं कुंभार म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. पाटलीण कुणाला टाकून बोलली नाही. तिनं फक्त दोन गोष्टी ठरवून घेतल्या. पहिली अशी, की तळ्यातला गाळ दरसाल सगळ्यांनी मिळून काढायचा आणि ज्याची गुरं जास्त त्यानं टोपल्याही जास्त उचलायच्या. सगळे बड्या शेतकऱ्याकडे बघून हसले. तो आधी ओशाळला आणि मग त्यालाही हसू आवरेना. दुसरी अशी, की यापुढं नव्या पाटलानं दगडावर हात ठेवण्याआधी गायरानावर एक दिवस फक्कीच्या रेघा मारायच्या आणि त्या गुरांकडून पुसून घ्यायच्या.

मग तिनं ताकाचे पेले भरले. त्या दिवशी एकही पेला अर्धवट राहिला नाही.

पुढं पाटलीण थकली आणि मुलाची पाळी आली. ढवळी तेव्हा नव्हती, तिची नात घंटा बांधून पुढं चालत होती. मुलानं रेघा मारल्या, त्या पुसल्या जाताना पाहिल्या, दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "अख्खं मिळालं, अख्खंच देईन." गर्दीत बसलेल्या त्याच्या आईचे डोळे भरून आले, पण या खेपेला तिनं ते पुसले नाहीत.

तात्पर्य काय, तर सगळ्यांच्या मालकीची जमीन वाटून कुणी श्रीमंत होत नाही, सगळेच वाट हरवून बसतात. आणि खरा पुढारी तो, जो रुसलेल्या गावासाठीही ती जमीन अख्खी राखतो.