कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं कुंकू

"अहो, पंचायतीवरच्या त्या कॅमेऱ्याला दिसत नाही!" गोदाक्का महिनाभर ओरडत होती, पण कुणाला पटेना. पंचायतीसमोरच्या वाटेनं तिची नात शाळेत जायची आणि रोज एक मोटरसायकल तिच्या मागं यायची. पोरीनं जेवण टाकलं होतं.

"आक्का, कॅमेरा सगळं बघतो," सरपंच हसले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी गोदाक्कानं कॅमेऱ्यासमोरून सरपंचांची खुर्चीच उचलून नेली.

ग्रामसभेत सरपंच गरजले, "चोर कोण?"

"मला काय विचारता? त्या कॅमेऱ्यालाच विचारा की!" गोदाक्का म्हणाली.

ग्रामसेवकानं कपाटातला कॅमेऱ्याचा टीव्ही पहिल्यांदाच लावला. सगळा लालभडक!

"खुर्ची माझ्या अंगणात आहे, न्या. पण कॅमेऱ्याच्या उद्घाटनाच्या पूजेत त्याच्या डोळ्यात कुंकू कुणी भरलं, ते आधी लिहा."

ग्रामसेवकानं खाली मान घालून लिहिलं: सरपंच विश्वंभर ढोबळे.