हैबतीच्या हातची पेज

“...मग ताप मला का शिवत नाही, बाबा?”

हैबतीने विचारलं तेव्हा घाटावरचं धुकं मठाच्या अंगणात उतरलं होतं. धुनीचा धूर कुठला आणि धुकं कुठलं, कळत नव्हतं.

खालच्या खोऱ्यातली तापाची साथ ओसरल्यावर तो गुरूंकडे, लिंबनाथांकडे परतला होता. गावोगाव आजाऱ्यांच्या उशाशी बसला, स्वतः रांधलेली पेज त्याने त्यांना पाजली. घरंच्या घरं आडवी झाली. हैबतीचं साधं डोकंही दुखलं नाही. लोक पाया पडू लागले.

आज मठासाठीही त्याने पेज केली होती. पातेलं पुढ्यात ठेवून तो बसला. उत्तर त्याला ठाऊक होतं: सेवेचं पुण्य. ते फक्त गुरूंच्या तोंडून ऐकायचं होतं.

लिंबनाथांनी पातेल्याकडे पाहिलं.

“तुला कधीच आला नव्हता ताप?”

“एकदा आला होता. या साथीच्या आधी. पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळलो होतो. मग बरा झालो.”

“तू बरा झालास. ताप कुठे गेला?”

हैबती हसला. “गेला म्हणजे... गेला.”

“सावरदऱ्याला पोचलास, तेव्हा कोण कोण आजारी होतं?”

“कुणीच नाही. पण माझ्या मनाने सांगितलं, साथ इकडेच येणार. म्हणून आधीच जाऊन राहिलो. देवळात रोज सगळ्यांसाठी रांधत होतो. आणि खरंच आली, बाबा.”

“त्याच्या आधी करंजवाडीला?”

“तिथेही मी आधी...”

हैबती थांबला.

धुक्यातून एकेक गाव वर येऊ लागलं. देवळाची पायरी. पायरीवर बकुळाबाई, धडधाकट, वाटी पुढे करून हसत म्हणणारी, “अजून वाढ रे, हाताला चव आहे तुझ्या.” तिच्या तिरडीला त्यानेच खांदा दिला होता.

“पण बकुळाबाई तर माझं जेवण जेवल्यावर कितीतरी दिवस ठणठणीत होती!”

“ताप शिरतो एका दिवशी, हैबती. दिसतो भलत्याच दिवशी.”

“आणि मी? मला तर काहीच...”

“काहींच्या अंगात तो नुसता राहतो. त्यांना छळत नाही.”

लिंबनाथ उठले. पातेलं उचललं आणि पेज धुनीत ओतली. निखारे चरचरले. पांढरी वाफ दोघांच्या मधून वर गेली. क्षणभर हैबतीला गुरू दिसेनात.

वाफ विरली तेव्हा ते समोर बसले होते, ऊन पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांनी हैबतीचे हात ओढून घेतले. राख लावून बोटन् बोट चोळलं, नखं साफ केली. मग आपल्या हाताने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी धरला.

हैबतीने तोंड फिरवलं.

“मी पापी आहे का, बाबा?”

“तुला कुठे ठाऊक होतं? खा.”

त्याने खाल्लं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर नेला आणि मध्येच थबकला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

“सेवेवाचून मला काही येत नाही,” तो म्हणाला. “आता कुणाची सेवा करू?”

लिंबनाथ धुक्याआडच्या खोऱ्याकडे पाहत राहिले...

“ज्या गावाला जाणार नाहीस, त्या गावाची.”