वेडगूचं बिनडोळ्यांचं सोंग

फार जुनी गोष्ट आहे, जंगलावर ठेकेदाराचं राज्य होतं तेव्हाची. करंजपाड्यात वेडगू नावाचा मुखवटे कोरणारा होता. बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचत, त्यांचे चेहरे त्याच्या हातचे. असं म्हणतात, झाडाची माफी मागितल्याशिवाय तो लाकूड तासायचा वाकस उचलत नसे, आणि डोळे सगळ्यात शेवटी कोरत असे. डोळे उघडले की लाकडात देव येतो.

त्याची बहीण चैती. तिचा नवरा शिनवार ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर वेठीला गेला, तो परतलाच नाही. त्याला मारहाण झाली हे भट्टीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. बोललं कुणीच नाही. ठेकेदार हसून म्हणाला, "पळाला असेल एखादीच्या मागं." हवालदाराने मान डोलावली.

चैती भावाकडे आली. "दादा, कुंकू ठेवू का पुसू, तेवढं सांग."

वेडगूने पांगाऱ्याची माफी मागितली आणि तो तोडला. हळूहळू लाकडातून शिनवारचाच चेहरा वर आला. बसके गाल, फाटका कान, सगळं तेच. डोळ्यांच्या जागी मात्र सपाट लाकूड.

"म्हाताऱ्या, डोळे विसरलास की!" शेजारी हसले.

"डोळेवाल्यांनी काय दिवे लावले?" वेडगू म्हणाला. शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या.

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी, फटफटताना, ते सोंग मांडवात आलं. वेडगूच नाचतोय, असं सगळ्यांना वाटलं. सोंग आंधळं, पण कुठे ठेचकाळलं नाही. नाचत नाचत ते पाड्याबाहेर पडलं. संबळवाला भिऊन थांबला, तरी पावलं तालातच पडत राहिली. लोक मागोमाग गेले. एका विझलेल्या भट्टीवर सोंग चढलं आणि उभं राहिलं.

लोकांनी उकरलं. राखेखाली हाडं निघाली, आणि शिनवारच्या हातातलं कडं. चैतीने तिथेच बांगड्या फोडल्या.

तेवढ्यात मागून वेडगू धापा टाकत आला. "अरे, माझा मुखवटा कुणी नेला? खुंटीवर नाही!"

सगळ्यांनी वर, भट्टीच्या माथ्याकडे पाहिलं. मुखवटा राखेत पालथा पडला होता. जवळ कुणी नव्हतं.

ठेकेदार त्याच दिवशी पळाला. असं म्हणतात, पुढे त्याला प्रत्येक माणसाचा चेहरा बिनडोळ्यांचा दिसे.

करंजपाड्यात अजूनही बोहाड्याला, बाकीची सोंगं नाचण्याआधी, वेडगूच्या नावाने बिनडोळ्यांचा मुखवटा पाटावर मांडतात. तो कुणी घालत नाही. साहेब, पुढारी, जो कुणी मोठा आला असेल त्याला समोर उभं करतात. ज्यांचं माणूस हरवलंय ते त्याचं नाव घेऊन विचारतात, "कुठं आहे?" माहीत नाही म्हटलं तरी चालतं, पण मुखवट्याकडे बघून म्हणावं लागतं.

हल्ली बहुतेक साहेबांना त्या दिवशी दुसरं काम निघतं.