ठकूबाईच्या संस्थेचा पत्ता

“जागा नाही? मग नोंदणी नाही!” धर्मादाय खात्याचे कारभारी विसाजीपंत म्हणाले.

“आणि नोंदणी नाही म्हणून मला कुणी जागा देत नाही!” ठकूबाई म्हणाली. “मग आधी करू तरी काय?”

“उद्या या!”

हे ‘उद्या या’ ऐकायला ठकूबाई सोबतिणींना घेऊन चाळीस दिवस रोज येत होती. ती कासारीण. राहायची घाटावरच्या वाडीत, बांगड्या विकायला उतरायची खाली राजधानीत. वाडीतल्या बाईला कळा सुरू झाल्या की बैलगाडीत घालून घाट उतरवायचा, कारण सुईण खाली शहरात. गेल्या साली ठकूबाईची लेक भागू वाटेतच बाळंत झाली. लेक वाचली, बाळ गेलं. आता भागूला पुन्हा आठवा सरत आला होता. दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच येऊन राहता येईल अशी एक खोली शहरात हवी, आणि तीही फुकट! म्हणून तिने संस्था काढायचं मनावर घेतलं.

पण संस्था काढायची म्हणजे काय बांगड्या भरायच्या आहेत? महाराज उदयाजीरावांनी धर्मादायाचा कायदा स्वतः बसून लिहिला होता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! सात सभासद हवेत म्हणे. ठकूबाईने वाडीतल्या सहा जणी जमवल्या. नाव हवं, हेतू हवा, नियमावली हवी. एका शिकलेल्या भाच्याला धरून तेही लिहून घेतलं. संस्थेच्या कामापायी कुणी स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, अशी कायद्यातली शपथ घेऊन सातही जणींनी अंगठे उठवले. सगळं झालं आणि गाडं अडलं ते पत्त्यापाशी.

शेवटी ठकूबाई तडक दरबारात गेली.

“महाराज, तुमच्या कायद्यात आत जायचं दार आहे, पण त्याला आतून कडी आहे!”

महाराजांच्या भुवया चढल्या. “माझ्या कायद्याला नावं ठेवतेस? नीट ऐक. नोंदणी नसलेल्या संस्थेला कुणी जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, दानही करायची नाही. पण वाट ठेवलीय मी! जी जागा कुणा एकाच्या मालकीची नाही आणि जिथे सातही सभासदांची सलग तीस दिवस बैठक भरली, ती जागा म्हणजे संस्थेचा पत्ता. पुरावा मात्र सरकारी हवा. उद्या दिवस मावळायच्या आत दाखव, नाहीतर अर्ज फाडून टाकीन!”

तीस दिवसांच्या बैठका उद्यापर्यंत! दरबारी तोंड लपवून हसले. विसाजीपंतांनी तर तोंडही लपवलं नाही.

ठकूबाईने पदर खोचला. “दाखवते की!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हजर. “चला महाराज, पत्ता बघायला.”

“पालखी मागवू?”

“कशाला? चपला घातल्या तरी पुरे!”

महाराज निघाले, मागोमाग विसाजीपंत. अंगण ओलांडून ठकूबाई थांबली ती थेट धर्मादाय कचेरीच्या ओसरीवर! तिथे सहा बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. कोपऱ्यात त्यांचा पाण्याचा माठ. खांबाला एकीने लुगडं वाळत घातलेलं.

“हा आमचा पत्ता!”

“ही सरकारी ओसरी आहे!” विसाजीपंत ओरडले.

“मालकी कुणाची, ते वर वाचा!”

दारावर महाराजांनीच कोरून घेतलं होतं: ‘ही कचेरी कुणा एकाची नव्हे, रयतेची आहे.’ महाराजांनी वाचलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“बरं. पण तीस दिवस बैठक?”

“तीस? चाळीस! रोज सकाळी सात जणी येतो, इथेच बसतो, इथेच जेवतो, इथेच संस्थेचं बोलतो. दिवस मावळता कारभारी बाहेर येऊन म्हणतात, ‘उद्या या.’ त्यांनी पहिल्याच दिवशी काम केलं असतं, तर आम्हाला पत्ता मिळाला नसता हो! मोठे उपकार त्यांचे!”

“सरकारी पुरावा?”

दारावरचा पहारेकरी आपली वही घेऊन पुढे झाला. कोण आलं, कधी गेलं, सगळं त्यात टिपलेलं. चाळीस दिवस, सात नावं, रोज!

विसाजीपंतांचा चेहरा पडला. ठकूबाई मात्र थांबते कुठली! “आणि महाराज, तुमच्याच कायद्यात आहे, नोंदणी झाली की सात दिवसांत त्याच पत्त्यावर काम सुरू करावं. तेव्हा बाज इथे टाकू, शेगडी तिथे. बाळंतिणीची धुरी थेट वर जाईल. वर काय आहे?”

“माझी वामकुक्षीची खोली!” महाराज दचकून म्हणाले.

“मग छानच! बाळं रडली की महाराज वेळेवर उठतील!”

महाराजांनी मान वर करून आपल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की खांबाचा आधार घ्यावा लागला. हात टेकला तो नेमका ओल्या लुगड्यावर! “हरलो, बाई! पंत, नोंदणी करा, आत्ता, इथेच बसून! आणि पागेशेजारची रिकामी कोठी आजपासून या संस्थेची. ठकूबाई, आता स्वतःसाठी काहीतरी माग.”

“आणि शपथ मोडू? सभासदाने स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, महाराज. तुम्हीच लिहिलंय!”

“अगं, पण मला द्यायचंय ना!”

“मग संस्थेला द्या.”

महाराजांनी आपला लहानपणचा शिसवी पाळणा कोठीवर पाठवून दिला. महिन्याभरात भागूला मुलगी झाली. शेजारच्या आळीतून सुईण वेळेवर आली. नातीचा पहिला टाहो ऐकून ठकूबाई उंबऱ्यात बसून ढसाढसा रडली.

बाराव्या दिवशी विसाजीपंत दारात उभे. “महाराजांनी दिलेल्या पाळण्याची पावती हवी. नियम आहे.”

ठकूबाईने पाळण्याची दोरी न सोडता आतूनच सांगितलं, “बाळ आत्ताच झोपलंय, पंत. उद्या या!”

हे कानावर गेलं तेव्हा महाराज जेवत होते. हसता हसता त्यांना असा ठसका लागला की अख्खा वाडा धावत आला!